घर नंबर १५३

वसाहतीत आमच्या वाट्याला १५३ नंबरचं घर आलं, तेव्हा हे भर ऑफिसात हसत सुटले. गणिताचे मास्तर ते.

"एक, पाच, तीन. प्रत्येकाचा घन कर. एक, एकशे पंचवीस, सत्तावीस. बेरीज?"

"एकशे त्रेपन्न."

"आता तीनने भाग जाणारी कुठलीही संख्या घे आणि असंच करत जा. शेवटी ती आपल्याच दारात येते."

औषधाच्या दुकानात माझी चाळीस वर्षं गेली. तोलूनमापून बघितल्याशिवाय मी काही मानत नाही. महिनाभर करून बघितलं. येते.

हे मला लाडाने 'बाकी' म्हणायचे. सगळा भागाकार झाल्यावर उरलेली ती.

सत्तरीनंतर ह्यांची स्मृती गेली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग लेकीचं, मग मी. मला 'सिस्टर' म्हणू लागले. घन मात्र तोंडपाठ.

दुपारी एकटेच बाहेर पडायला लागले, तशी एकदा मी मागोमाग गेले. वसाहतीच्या फाटकाशेजारच्या ३ नंबरपाशी थांबून ह्यांनी बोटांवर हिशेब केला आणि २७ कडे वळले. तिथून ३५१. तिथून थेट घरी. मला हसूही आलं, रडूही आलं. त्यानंतर मी निर्धास्त झाले.

मग एका मंगळवारी पाइपसाठी फाटकाजवळचा रस्ता खणला, आणि हे परतलेच नाहीत.

मजूर म्हणाले, "आजोबांना आम्ही १२४ कडून वळवलं."

मी तिथेच उभी राहून हिशेब केला. एक, आठ, चौसष्ट. त्र्याहत्तर. ७३ मधल्या बाईंनी ह्यांना आपल्या दारापाशी बघितलं होतं. पुढे तीनशे सत्तर. आणि ३७० चे घन केले की पुन्हा ३७०च. तिथून पुढे वाट नाही.

३७० शेवटच्या ओळीत होतं. दाराला गंजलेलं कुलूप. पायरीवर हे बसले होते, स्वच्छ, केस नीट विंचरलेले.

"आलीस, बाकी? केव्हाची वाट बघतोय."

दोन वर्षांनी कुणीतरी मला त्या नावाने हाक मारली. मी हात धरला आणि घरी आणलं.

ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. ह्यांना सगळं आठवत होतं. लेकीला फोन करून तिच्या नावाने हाक मारली. ती फोनवरच रडली. माझ्या चहात साखर जास्त होते म्हणून कुरकुरले. फक्त फिरायला चला म्हटलं की नको म्हणायचे.

शुक्रवारी रस्त्यातला चर बुजवला, ३ नंबरकडची वाट पुन्हा सुरू झाली.

दुपारी मी ह्यांच्या शर्टाला बटण लावत होते. हे समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते.

बेल वाजली.

मी दाराच्या भोकातून बघितलं.

बाहेर हे उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, तीन दिवसांची दाढी, ओठ सुकलेले. बोटांवर काहीतरी मोजत होते.

मी मागे वळून बघितलं. ह्यांनी पेपरची घडी केली.

"उघड, बाकी," हे मायेने म्हणाले. "दमला असेल तो."