अँटेनाच्या पाइपवरचे ठोके

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या खोलीत मी होते, माझी आई होती, आणि शेवटी शेवटी जिन्यात शेजारचा विनीतही होता. त्याला विचारलंत तर तो विषय बदलेल. पण खोटं आहे, असं म्हणणार नाही.

लालबाग. आमची चाळ, वरचा मजला, टोकाची खोली.

गेल्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीची संध्याकाळ.

बाबा श्रावणात गेले. त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. मी ठाण्याहून आले होते ते आईला घेऊन जायला. तिचे गुडघे गेलेत. जिने चढवत नाहीत, संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. एकटीनं तिथं राहणं शक्यच नव्हतं. पण विचारलं की ती म्हणायची, "उद्या बघू गो."

त्या दिवशी सकाळी निघायचं नक्की झालं होतं. आईनं डबे पुसण्यात वेळ काढला, मग देव पुसण्यात. दुपारी गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले. आता विसर्जन आटपेपर्यंत गाडी आत येणार नव्हती, आणि तसल्या गर्दीतून आईला चालवत नेणं अशक्य होतं.

आम्ही अडकलो.

अँटेनाबद्दल आधी सांगायला हवं.

बाबांनी केबल कधी घेतली नाही. हवेतून येतं ते पकडायचं, ही त्यांची हौस. गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला, तेव्हा वरळीच्या दूरदर्शन केंद्राकडून येणारं चित्र अडलं. बाबांनी अँटेना उलटी फिरवली, पूर्वेकडे. तिकडच्या दुसऱ्या टॉवरच्या काचांवर आपटून येणारा सिग्नल पकडला. चित्र लख्ख. "वरळीकडे पाठ करून वरळी बघतो आम्ही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

पण अँटेना बोटभर हलली तरी चित्र जायचं. मग बाबा गच्चीवर आणि आई टीव्हीसमोर. पूर्वी वरून हाक यायची, "आलं का?" घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, आणि हाकांच्या जागी ठोके आले. अँटेनाचा लोखंडी पाइप आमच्या खिडकीला लागून खाली उतरतो. बाबा वरून पकडीनं त्यावर एक ठोका द्यायचे. आईनं खालून उलथन्यानं एक दिला, तर अजून नाही, फिरवा. दोन दिले, तर आलं, तिथंच धरा. तीन दिले, तर झालं, या खाली.

तीन मिळेपर्यंत बाबा पाइप सोडत नसत. एकदा पाहुणे आले आणि आई विसरली. माणूस भर पावसात पाइप धरून उभा. चाळ आठवडाभर हसत होती.

तर ती संध्याकाळ.

चाळ रिकामी झाली होती. सगळे रस्त्यावर. विनीत जाता जाता दारात डोकावला. तो माझ्याच वयाचा, दोन मुलींचा बाप, मंडळाचा जुना कार्यकर्ता.

"काकी, गच्चीला कुलूप मारलंय हां. बाहेरची पब्लिक चढते आणि कठडा कमजोर आहे. चावी माझ्याकडे."

"वर कोण राहिलं नाही ना रे?" आईनं विचारलं.

"मी स्वतः चेक केलं. मांजरपण नाही."

 आईनं ओट्यावरचं उलथनं घेतलं आणि खिडकीजवळ जाऊन बसली. टीव्ही लावला.

पडदा निळा. सिग्नल नाही.

"आई, बाबा गेल्यापासून कोणी अँटेनाला हात लावलेला नाही. कसं येईल?"

"येतं. दिवे लागले की येतं."

"मिरवणूक खालून चाललीय, आणि तुला ती टीव्हीवर बघायचीय?"

"गॅलरीतून नुसती डोकी दिसतात. ह्यांच्यासोबत मी टीव्हीवरच बघायचे."

मला हसू आलं. ते ओठांवर असतानाच...

टण्ण.

पाइपवर. एकदाच.

मला वाटलं, खालून कुणी काही फेकलं. आईनं मात्र हात खिडकीबाहेर काढला आणि उलथन्यानं पाइपवर एक ठोका दिला. सहज. आमटी ढवळावी तसा.

मग पाइप फिरला.

मी तो डोळ्यांनी पाहिला. खिडकीच्या गजांमागे, अगदी हळू... गंजाची भुकटी खिडकीत सांडली. गॅलरीतल्या दोरीवर आमचा टॉवेल वाळत होता. तो जराही हलत नव्हता.

टीव्हीवरची सिग्नलची पट्टी लाल होती. ती थरथरली. थोडी वाढली. हिरवी झाली.

टण्ण.

आईनं दोन ठोके दिले.

चित्र आलं. स्वच्छ. रस्त्यावरचा ताशा आधी ऐकू यायचा, आणि तोच ताशा क्षणभरानं टीव्हीतून.

"आई... वर कोण आहे?"

"कोण असणार?"

"रोज होतं हे?"

"रोज."

"मग तीन कधी देतेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही देत."

"का?"

"तीन दिले आणि ते गेले, तर?"

 भीतीच्या आधी मला काय आठवलं, तर त्या महिनाभरातला पाऊस. रात्ररात्र कोसळलेला. मी ठाण्यात खिडक्या लावून घेऊन झोपले होते.

"आई, म्हणजे बाबा तेव्हापासून वर उभेच आहेत?"

ती टीव्हीकडे बघत राहिली. तिच्या गालावर निळागुलाबी उजेड हलत होता.

मी तिच्या हातातून उलथनं घेतलं.

"नको गो! अक्षदा, नको!"

मी तीन ठोके दिले.

काही झालं नाही. चित्र तसंच राहिलं. मग डोक्यावरच्या स्लॅबवरून पावलं निघाली. रबरी चपलांची. टाकीच्या बाजूनं... जिन्याच्या दिशेनं... आणि थांबली.

दार खेचल्याचा आवाज आला.

तेव्हा मला कुलूप आठवलं.

मी विनीतला फोन लावला. वाजत राहिला. गॅलरीतून हाका मारल्या. खाली एवढी माणसं, पण ढोलांमध्ये एकानंही वर पाहिलं नाही. जिन्याकडे जायचं नव्हतं, तरी गेले. अर्ध्या जिन्यात उभी राहिले.

गच्चीचं दार पलीकडच्या बाजूला ओढलं जायचं, कडी ताणली जायची, कुलूप हलायचं. मग थांबायचं. पुन्हा ओढलं जायचं. आदळआपट नव्हती. बाबा कधीच आदळआपट करायचे नाहीत.

"बाबा," मी म्हटलं, "चावी मागवलीय. थांबा."

दार लगेच थांबलं.

ते लगेच थांबणं मला अजून सोसत नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. विनीत गुलालानं माखलेला, धापा टाकत वर आला. "एवढे मिस्ड कॉल? काकीला काय झालं काय?"

"गच्ची उघड."

"आत्ता? येडी झालीस काय तू?"

दार पलीकडून खेचलं गेलं. कुलूप हललं.

 "मी चेक केलेलं गो," विनीत हळूच म्हणाला. त्यानं चावी लावली. कुलूप निघालं. त्यानं दार ढकललं.

गच्ची रिकामी होती. टाकी, थोडे बांबू, आणि वरळीकडे पाठ करून उभी असलेली अँटेना.

मी मान वळवली, तर माझी पाठ जिन्याच्या भिंतीला टेकलेली होती. वरून वडीलधारं माणूस उतरत असलं की आपण अंग चोरून वाट देतो, तशी उभी होते मी. समोरच्या भिंतीला विनीतही तसाच उभा होता. आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा होती.

"तू का बाजूला झालीस?" त्यानं विचारलं.

"तू का झालास?"

 कुलूप तसंच टाकून तो खाली गेला.

मी खोलीत आले. आईनं पाट मांडले होते. ती ताट वाढत होती आणि चेहरा हलका झाला होता. बाबा गेल्यापासून इतका हलका चेहरा मी तिचा पाहिला नव्हता.

"सकाळी बांबू सुटले की निघू या, आई," मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

ती हसली. भाताची मूद जरा बाजूला करून आमटीला जागा केली. बाबांना भात नि आमटी एकमेकांत गेलेली चालायची नाही.

"आता कशी येऊ गो? ते आत्ता कुठे खाली आलेत."

याला वर्ष होत आलं.

आई आलीच नाही. मी ठाण्याला जाते, कपडे घेते, परत येते. घरचे विचारतात, किती दिवस? मी म्हणते, तिचे गुडघे बरे नाहीत. तिला त्या खोलीत एकटी सोडवत नाही. ती एकटी असते असंही आता म्हणवत नाही.

ठोके बंद झालेत. चित्र कधीच जात नाही, वादळातसुद्धा. चाळीतले म्हणतात, जगदीशरावांनी अँटेना पक्की बसवली होती हां.

खोली लहान आहे. एक खाट, एक खुर्ची, ओटा. दुपारी पाठ टेकावी म्हणून मी खाटेच्या कडेला बसते, तेव्हा आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणते, "जरा तिकडे हो गो. पाय पसरू दे त्यांना."

मी उठते, आणि दाराशी जमिनीवर चटई टाकते.