दिव्यांवरचं कुंकू

ज्ञानेशने आधी मोहिनीकडे पाहिलंच नव्हतं. त्याने पाहिले होते तिच्या टेम्पोचे दिवे. पुढे कितीतरी वर्षं ती त्याला यावरून चिडवणार होती. पण त्या सकाळी मात्र तिला रागच आला.

नाशिक रोडला स्टेशनजवळच्या हारवालीकडे शेवंतीची शेवटची पाटी उतरवून ती परत आली, तर एक उंच, सावळा मुलगा टेम्पोपुढे उकिडवा बसून दिव्यावरून बोट फिरवत होता. समोरच त्याचं लहानसं दुकान होतं. गाड्यांचे धुरकटलेले दिवे उजळायचे आणि त्यांच्यावर पारदर्शक फिल्म चढवायची, हा त्याचा धंदा.

"काय हरवलंय का?" तिने विचारलं.

"उजेड हरवलाय," तो मान वर न करताच म्हणाला. "हे कशाने घासता हो तुम्ही? दगडाने?"

"भांड्याच्या घासणीने."

आता मात्र त्याने वर पाहिलं... आणि हसायचं विसरून पाहतच राहिला.

तिने सांगितलं ते खरंच होतं. सायखेड्याला तिची आई, सखुबाई, दर शुक्रवारी टेम्पोच्या दोन्ही दिव्यांना हळदीकुंकू लावायची. गाडी म्हणजे घरची लक्ष्मी आणि दिवे म्हणजे तिचे डोळे. वाळलेलं कुंकू निघता निघायचं नाही, म्हणून मोहिनी तारेची घासणी घेऊन खसाखसा घासायची. चार वर्षांत त्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखा दिसत होता.

त्यात थंडी सुरू झाली होती. गोदाकाठचं धुकं पहाटे रस्त्यावर उतरलं की पुढचं काही दिसत नसे. वडिलांच्या, गोटीरामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फुलं घेऊन मोहिनीच बाजारात यायची, आणि गोटीरामांनी तिला बजावून ठेवलं होतं : गाडीला एक ओरखडा जरी आला, तरी टेम्पो विकून टाकायचा, फुलं व्यापाऱ्याला बांधावरच द्यायची. मोहिनीचा तर त्या बाजारात जीव होता. तो पहाटेचा गलका, ओल्या गोणपाटाचा वास, आणि 'आली का सायखेड्याची पोरगी' म्हणून वाट पाहणारी गिऱ्हाइकं.

का कोण जाणे, पण हे सगळं तिने त्या अनोळखी मुलाला एका दमात सांगून टाकलं. आता हाही इतर गॅरेजवाल्यांसारखा म्हणेल, की आईला आधी ते कुंकू बंद करायला सांगा. ती उत्तर तयार ठेवूनच उभी होती.

"कुंकू लावू द्या त्यांना," ज्ञानेश म्हणाला. "फिल्म त्यासाठीच असते. काय सोसायचं ते ती सोसेल. तुम्ही फक्त ओल्या, मऊ फडक्याने पुसा... आणि ती घासणी मला देऊन टाका."

त्या एका वाक्यामुळे मोहिनीला त्याच्याबद्दल जे वाटलं, त्याला त्या दिवशी तिने फक्त उपकारांची जाण हे नाव दिलं.

त्याने दिवे बारीक सँडपेपरने घासले, पॉलिश केले. मग साबणाचं पाणी फवारून फिल्म अलगद ठेवली आणि रबरी पट्टीने खालचं पाणी काढत नेलं. हात असा हलका, जणू फिल्मखाली पाकळी दबलेली आहे.

"आठ दिवसांनी या," तो म्हणाला. "कडा नीट बसल्यात का, बघावं लागेल."

ती आठ दिवसांनी गेली. मग पुन्हा आठ दिवसांनी. दर शनिवारी तो दिव्यापुढे बसायचा, कडेवरून सावकाश बोट फिरवायचा आणि अजून एकदा बघू म्हणायचा. ती गुलछडीच्या दोन काड्या त्याच्या टेबलावर विसरून यायची. पुढच्या शनिवारी त्या पॉलिशच्या रिकाम्या डबीत, पाण्यात उभ्या दिसायच्या. तो सगळ्या गिऱ्हाईक बायकांना ताई म्हणे. तिच्याशी बोलताना मात्र "अहो... ते..." इथेच त्याची गाडी अडायची.

पौषातल्या एका शनिवारी चांदोरीच्या पुढे धुकं इतकं दाट होतं, की टेम्पो रांगत चालला होता. एकाएकी दिव्यांच्या उजेडात उसाची टोकं चमकली. रस्त्यातच एक ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. मोहिनीने ब्रेक दाबला. टेम्पो थांबला तेव्हा मध्ये दोन हातांचं अंतर उरलं होतं. मागे झेंडूच्या पाट्या कलंडल्या.

बाजारात फुलं उतरवून ती थेट नाशिक रोडला आली. आभार कसे मानायचे, याची वाटेत उजळणी केली होती. दुकानात एक वयस्कर गृहस्थ आपल्या कारची किल्ली घेत विचारत होते, परत दाखवायला कधी आणू?

"गरज नाही, काका. एकदा बसली की चार वर्षं बघायला नको," ज्ञानेश म्हणाला. मग त्याला दारातली मोहिनी दिसली, आणि त्याचे कान लाल झाले.

काका गेल्यावर तिने ट्रॉलीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"लागलं का?"

"नाही. ओरखडासुद्धा नाही. दिवे पण शाबूत—"

"दिव्यांचं नाही विचारलं मी."

 मोहिनीचे पाठ केलेले आभार कुठल्या कुठे गेले.

"माझ्याच कडा का बसत नाहीत हो?" तिने हळूच विचारलं.

"पहिल्याच दिवशी बसल्या होत्या." तो हातातल्या रबरी पट्टीकडे पाहत होता. "पण तुम्हाला ताई म्हणून बोलावता येईना. आणि दुसरं काय म्हणून बोलवायचं... तेही कळेना."

"मोहिनी म्हणा," ती म्हणाली. "नावाने बोलावलं तरी येते मी."

घरी तिने ट्रॉलीचं, दिव्यांचं, काही लपवलं नाही. गोटीराम ऐकून उठले. काठी टेकत अंगणात गेले आणि त्यांनी टेम्पोच्या दिव्यावर तळवा ठेवला. 

"गाडी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "अन् हे ज्यानं बसवलं, त्याला शुक्रवारी जेवायला बोलव. लय उपकार हायेत त्या पोराचे."

शुक्रवारी ज्ञानेश आला तेव्हा सखुबाई टेम्पोची पूजा करत होत्या. दोन्ही दिव्यांना कुंकू लावून झालं, बोटावर थोडं उरलं. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि तेच बोट त्याच्या कपाळावर टेकवलं.

मोहिनी मऊ फडकं ओलं करून दारात आली होती. ती तिथेच थांबली. काय पुसायला आली होती, तेच तिला आठवेना.