आवाज करून ये

ट्रॅक्टर मागून आला आणि युस्टिनाला कळलंसुद्धा नाही.

असं कधी होतं का? त्यांच्या वस्तीत कुणाचा ट्रॅक्टर निघाला की चार शेतं ओलांडून कळतं. लोखंडी चाकं ती! खडीवर अशी खणखणतात की टेबलावरच्या कपातली कॉफी थरथरते. पण हा आला तो मांजरासारखा. रविवारची दुपार, ओटच्या शेतावरून ऊन-ऊन वास येत होता, युस्टिना सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत, टरफलं उडवत रस्त्याच्या मधोमध चालली होती... आणि थेट कानामागे भोंगा!

ती उडालीच. गवती हॅट एकीकडे, बिया एकीकडे.

"मेले असते ना मी!"

"पण नाही मेलीस," वर बसलेला पोरगा म्हणाला. उन्हाने भुवया पार पांढऱ्या झालेल्या, आणि हसताना एकच गाल खोल जायचा. तेही तिने बघितलं. डोकं सटकलेलं असलं तरी डोळे काय बंद नव्हते तिचे.

"रविवारी ट्रॅक्टर! आणि... ही रबराची चाकं?"

"मऊ आहेत. हात लावून बघ."

"आमच्यात पाप आहे ते."

"हात लावणं?"

युस्टिनाचे कान तापले. तिने वाकून हॅट उचलली, नुसती धूळ झटकायला गरजेपेक्षा जास्तच वेळ लावला.

"पुढच्या वेळी आवाज करून ये," ती फणकारली.

"म्हणजे पुढची वेळ आहे?"

हॅट डोक्यावर दाबून ती निघाली. दहा पावलांवर मागे वळून पाहिलं. तो अजून तिथेच होता. छे! वळायला नको होतं.

तो डिर्क फेर. गेल्या वर्षी त्याच्या बापाने रबर लावलं आणि चर्चने त्यांचं घर वाळीत टाकलं. तेव्हापासून त्यांच्याबरोबर एका टेबलावर कुणी जेवत नाही. चर्चच्या थोरल्यांचं म्हणणं सरळ होतं – आज रबर लावाल, उद्या पोरं त्याच ट्रॅक्टरवर बसून शहरात पळतील, परवा परत यायची नाहीत. तरी एकेक करत बरीच घरं रबर लावायच्या गोष्टी करायला लागली, तेव्हा युस्टिनाच्या बाबांनी, पेटर हार्डरांनी ठरवूनच टाकलं. सगळं विकायचं आणि बोलिव्हियाला जायचं. तिथे नवी वस्ती वसतेय, तिथे सगळे लोखंडावरच राहणार.

पणजोबा रशियातून कॅनडाला आले. आजोबा कॅनडातून इथे मेक्सिकोत. आता बाबा. यांच्या घराण्याला मुळं फुटतच नाहीत, नुसती चाकं फुटतात, असं युस्टिना एकदा बोलली आणि आईचा धपाटा खाल्ला.

पुढच्या रविवारी डिर्क आला तो पायी. गळ्यात गाईची घंटा बांधून! टण टण टण... बरोबरच्या पोरी हसून हसून वाकल्या.

"आला का आवाज?"

"गाय आली वाटलं."

"मग चारा घाल."

तिने मूठभर बिया त्याच्या हातावर ठेवल्या. बोटं जरा राहिली तिथे... जराशीच.

त्यानंतर कधी तो बादली बडवत यायचा, कधी बेसूर शीळ घालत. एकदा भुरभुर पाऊस होता. दुधाचे कॅन ठेवतात त्या पत्र्याखाली दोघं उभे राहिले. पत्र्यावर थेंब वाजत होते, ओल्या मातीचा वास, आणि त्याच्या सदऱ्याला डिझेलचा. युस्टिनाला वाटलं, हा पाऊस आता थांबूच नये.

"तुमची जुनी लोखंडी चाकं कुठायत रे?" तिने उगाच विचारलं.

"गोठ्यामागे. कोंबड्या अंडी घालतात त्यात."

"आईने प्रवासाचे पाव भाजायला घेतलेत. दोनदा भाजून कडक करतात. पोती भरली."

तो हसला नाही.

"बोलिव्हियात काय आहे?"

"जंगल. डास. बाबा म्हणतात, शांती."

"आणि मी?"

पत्र्यावरून एक मोठा थेंब तिच्या मानेवर पडला. बाबा काय म्हणतात तेही तिला तोंडपाठ होतं – ज्याच्या दारात रबर, त्याच्या दारात माझी मुलगी जाणार नाही.

"मी का सांगू?" ती एकदम भडकली. "सगळं मीच सांगायचं का? तुला तोंड नाही?"

आणि पावसातच पळाली. घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. असं कुणी बोलतं का? मूर्ख!

मग तो दिसलाच नाही. घंटा नाही, शीळ नाही.

लिलावाच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. गाई गेल्या, नांगर गेला, तिच्या खिडकीचे पांढरे पडदेसुद्धा गेले. एकेका बोलीला युस्टिना मान वर करून गर्दी बघायची. नव्हता. ऊन कललं, लोक पांगले. उद्या पहाटे निघायचं. ती रिकाम्या पायरीवर बसली, खिशात बिया होत्या, पण फोडवेनात.

आणि मग... लांबून... खण्. खण्. खणण्-खर्र.

ती उठून उभी राहिली. छातीतही तेच वाजत होतं.

वळणावरून ट्रॅक्टर आला. लोखंडावर! चाकांच्या दातऱ्यांत कोंबड्यांचं गवत अडकलेलं, एक पीस वाऱ्यावर नाचत होतं, आणि गाडी अशी तिरकी चालत होती की कुत्रीसुद्धा बाजूला झाली. वर डिर्क. मागे एक पेटी, बियांची पिशवी. डोळे लाल.

"हार्डर काका," तो उतरून म्हणाला, "हा आजोबांचा ट्रॅक्टर, आता माझा. सकाळी थोरल्यांपुढे उभा राहिलो, लोखंडावर राहीन म्हणालो, त्यांनी मला परत घेतलं. आई रडली... पण बिया तिनेच बांधून दिल्या. मला तुमच्याबरोबर यायचंय. युस्टिना हो म्हणाली तर."

बाबा पुढे आले. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, चाकाला बुटाची ठोकर दिली.

"डावं चाक उलटं बसवलंयस, गाढवा. असा बोलिव्हियाला पोचशील की चिलीला?"

डिर्कचे कान लाल झाले.

"युस्टिना! पाना विकला का गं आपला?"

"नाही बाबा!"

"मग आण. बघत काय बसलीस?"

ती धावली. पेटी उपसून पाना आणला. बाबा चाकाशी गुडघ्यावर बसले, तेव्हा डिर्क तिच्या जवळ सरकला. हळूच.

"आला का आवाज?"

"आख्ख्या वस्तीला," युस्टिना म्हणाली. डोळे भरले होते तरी ती हसत होती. "आणि हो... हो म्हणतेय मी. तेही ऐकून ठेव."