थबकणारा थेंब

सतराव्या चराने तिच्या नाकी नऊ आणले होते. तळहाताएवढी काचेची चिप, तिच्यात केसासारखे कोरलेले पाचशे चर. प्रत्येक चरात तेलाच्या दोन धारा औषधाची धार चिमटून तोडायच्या आणि एका मापाचे थेंब पडायचे, सेकंदाला शेकडो. म्हणजे पडायला हवे होते. गेले बारा दिवस सतराव्यातून मधूनच एक थेंब दुप्पट निघत होता.

तिने पंप बदलला, तेल बदललं. शेवटी वैतागून तो चरच बुजवून टाकला. मोठा थेंब अठराव्यातून आला.

"तीनला पाहणी आहे, मॅडम," साहेब दारातूनच म्हणाले. "थेंब सारखे नसतील तर काम आजच बंद."

चार वर्षांचं काम! तिला रडू यायचंच बाकी होतं. चिप कोरली होती तिच्या सासऱ्यांनी. काचेवर हात असा की साहेबही गप्प. माणूस मात्र कमालीचा भिडस्त. कुठल्याही दारात थबकून "व्हा पुढे" म्हणणार, सगळ्यांना वाट देता देता स्वतःची बस चुकवणार. घरात त्यांचं नावच 'व्हापुढे' पडलं होतं. बारा दिवस ते दवाखान्यात बेशुद्ध होते. जीव कशात अडकलाय, डॉक्टरांनाही कळेना. आणि या मेल्या थेंबापायी तिला एकदाही जाता आलं नव्हतं.

दोन वाजता तिने कॅमेऱ्यातलं चित्रण अगदी संथ करून लावलं. थेंब तोंडाशी येत, तुटत, जात. एक आला आणि थबकला. आजूबाजूच्या चरांतले सगळे निघून जाईपर्यंत तिथेच थांबला, फुगला, मग गेला.

पुढचा मोठा थेंबही तसाच.

तिच्या अंगावर काटा आला. घड्याळात अडीच वाजत होते. भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"अहो बाबा," ती ओरडलीच, "किती खोळंबाल? आता तुम्ही व्हा पुढे!"

पंप घरघरत राहिला. थेंब पडत राहिले. सगळे सारखे.

पाहणी झाली. साहेब चक्क हसले.

चारला नवऱ्याचा फोन आला.

"बाबा गेले गं. अडीचला."

तिने पंप बंद केला.

"डोळे उघडले, दाराकडे पाहिलं. म्हणाले, 'बरं सूनबाई, होतो पुढे.'"

मग त्याने विचारलं,

"तू येऊन गेलीस का?"