मिहिरच्या मुठी

माझा धाकटा भाऊ मिहिर परवापासून मुठी आवळून बसला होता आणि का, ते घरात कुणालाच कळत नव्हतं!

मुठी आवळल्या तर एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. सगळंच बिघडलं होतं! मिहिरला जन्मापासून बहिरांधत्व आहे (म्हणजे बघण्याची आणि ऐकण्याची, दोन्ही क्षमता खूपच कमी असणं). आम्ही त्याच्या तळहातावर खुणा करून बोलतो. मुठी मिटल्या की आमचं बोलणं बंद. सोमवारपासून त्याला शाळेत जायचं होतं आणि मला तर त्याच्याशी धड भांडताही येत नव्हतं.

संशय झुंबरवर होता, कारण तो परवाच मिहिरला शिकवू लागला होता. झुंबर म्हणजे माझ्या आजोबांनी, आबांनी, मिहिरला शिकवायला बनवलेला यंत्रमानव. त्याच्या डोक्यावर रंगीबेरंगी दिवे आहेत. मिहिरला त्यांचा काय उपयोग? पण आबांची हौस!

"याच्या बोटांत स्पर्शसंवेदक आहेत (दाब ओळखणारे बारीक भाग)," आबा वैतागून म्हणाले. "पिकलेलं जांभूळसुद्धा न चिरडता उचलतो. मग पोराला दुखेल कसं?"

"आपण बघूया तरी तो काय करतो," मी म्हटलं.

झुंबर मटारच्या शेंगांची टोपली घेऊन मिहिरजवळ बसला. त्याने मिहिरची मूठ हलकेच सोडवली, हात वरून धरला आणि शेंगेवर नेला. मिहिरने हिसका देऊन हात पोटाशी घेतला.

"मी हाताला धरून शिकवतो," झुंबर म्हणाला. "पाटीवर अक्षर गिरवून घेतात तसं."

"मीच शिकवलंय त्याला," आबा पुटपुटले. "आमच्या बाईंनी आम्हाला असंच शिकवलं."

मी टोपलीतले मटार तोंडात टाकत होते. तेवढ्यात झुंबर म्हणाला, "उर्वी, खिडकीत शिंजीर पक्षी!" आणि माझी हनुवटी धरून त्याने माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

"अरे, मान सोड माझी! माझी मी बघेन ना!" मी ओरडले आणि एकदम थबकले. "आबा! मिहिर बघतो कशाने?"

"हातांनी."

"मग झुंबर त्याचा हात धरतो, तेव्हा..."

आबा ताडकन उठले. "तेव्हा तो त्याची मान पिरगाळून 'बघ' म्हणतो! धरलेल्या हाताला शोधता येत नाही, विचारता येत नाही आणि नको म्हणून निघूनही जाता येत नाही. अगं, केवढी चूक केली मी!"

"मग हात वरून नको, खालून!" मी म्हटलं. "मिहिरचा हात वर राहू दे. त्याला हवं तर राहील, नको तर जाईल."

झुंबरने मिहिरच्या कोपराला हलकेच स्पर्श करून 'मी आलोय' असं कळवलं. मग शेंग धरलेला हात त्याच्या मुठीशेजारी ठेवला.

"किती वेळ थांबू?" त्याने विचारलं.

"तो येईपर्यंत," आबा म्हणाले.

थांबणं! मला ते मुळीच जमत नाही. मी ओठ दाबून बसले. बऱ्याच वेळाने मिहिरचं एक बोट सुटलं. ते झुंबरच्या बोटांवर चढलं, घाबरून उतरलं आणि पुन्हा चढलं. मागोमाग सगळी बोटं आली! झुंबरने शेंग दाबली. ती फट्कन उघडल्याचा धक्का मिहिरच्या हाताला कळला आणि तो खदखदून हसला.

"उद्याच शाळेत जाऊन मिहिरच्या बाईंना हे करून दाखवतो," आबा डोळे पुसत म्हणाले. "उर्वी, अशा किती मुलांचे हात आपण मोकळे करू शकू!"

मिहिर मात्र मला शोधत होता. त्याने माझी वेणी चाचपून मीच असल्याची खात्री केली. मग एक शेंग घेतली आणि आपला हात माझ्या हाताखाली सरकवला. आजवर त्याने स्वतःहून कुणालाच काही दाखवलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की रडूच आलं, पण मी हात अजिबात ओढला नाही. त्याने शेंग फोडली, एकेका दाण्यावरून माझी बोटं फिरू दिली आणि थांबला. मला कळलं का, याची तो वाट बघत होता.