स्वस्तातलं सॉफ्टवेअर आणि बिघडलेली लिफ्ट

"गाणं करायचं सॉफ्टवेअर आहे का हो तुमच्याकडे? स्वस्तातलं?"

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काउंटरमागच्या माणसाने मान वर केली आणि मी पुढचं वाक्य विसरले. तो काही फार देखणा वगैरे नव्हता. निळा शर्ट, खिशावर कुठल्याशा कंपनीचं नाव, मनगटाला थोडं काळं वंगण. पण माझा प्रश्न त्याने इतक्या मन लावून ऐकला की मीच गडबडले.

"गाणं... करायचं?"

"म्हणजे ऐकायचं नाही. आपलं आपण करायचं. खाली ताल टाकायचा, वर आवाज रेकॉर्ड करायचा, मागे जराशी बासरी-बिसरी..."

"बासरी-बिसरी," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि बजेट?"

"फुकट मिळालं तर उत्तम."

"मग फुकटचंच घ्या. नेटवर मिळतात तशी. आधी ते वापरून बघा, नाही जमलं तर पुढचं पुढे."

गिऱ्हाइकाला फुकटचं घ्या म्हणून सांगणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी त्या वेळी त्याच्या भुवया बघत होते.

माझी निकड खरी होती. मी पाळणाघरात काम करते. मुलांना झोपवताना, भरवताना जी गाणी सुचतात ती म्हणते. एका मुलीला न्यायला येणाऱ्या बाई मुलांची नाटकं बसवतात. त्यांनी दारात उभ्या राहून माझं गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, "नवीन नाटकाला असंच गाणं हवंय. शनिवारपर्यंत रेकॉर्ड करून पाठव. जमलं तर सगळ्या नाटकाचं संगीत तुझंच." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे गाणं मागितलं होतं. आणि मला रेकॉर्डिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"हेडफोन आहेत ना?" त्याने विचारलं.

मी पर्समधून माझे इअरफोन काढले. त्यांची वायर स्वतःभोवतीच गुंडाळलेली, आणि डावा कान केव्हाच गेलेला.

त्याने स्वतःच्या पाठपिशवीतून मोठे, मऊ, बिनवायरचे हेडफोन काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "हे न्या. माझेच आहेत. वायरच नाही, म्हणजे गुंता नाही."

"अहो, पण—"

"काम झालं की आणून द्या. दुपारी इथेच असतो मी."

मी घरी आले ती हेडफोन छातीशी धरून. का, ते विचारू नका. मलाही ठाऊक नव्हतं.

ते फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं आणि माझे डोळेच फिरले. इतकी बटणं, इतक्या पट्ट्या! कुठे काय दाबलं की काय होईल याचा भरवसा नाही. तरी धडपडत ताल टाकला, हेडफोन चढवले, डोळे मिटून गायले. गाताना सगळं छान वाटलं. ऐकताना... माझा आवाज तालाच्या मागून येत होता. ताल पुढे निघून गेलेला आणि मी आपली मागून हाक मारतेय, "थांब रे!"

पुन्हा गायले. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी गेले तर तो दुकानाबाहेर, लिफ्टच्या दाराशी उभा होता. मला बघून लगबगीने पुढे आला.

"आत नको, फार गर्दी आहे. इथे जिन्यात बसू."

मी काचेतून आत पाहिलं. आत एक टकले गृहस्थ एकटेच जांभई देत होते. याला गर्दी म्हणतात? पण तो जिन्यावर जागा झटकून देत होता, आणि मी बसले.

"आवाज मागून येतो," मी म्हणाले.

त्याने बराच विचार केला. "त्या सॉफ्टवेअरचं इंजिन जरा... हलकं असेल."

"सॉफ्टवेअरला इंजिन असतं?"

"असतं तर!" मग जरा कमी जोरात, "असावं."

त्याने दुसरं सुचवलं, महिनाभर फुकट चालणारं. तिथेही माझी गाडी तालाच्या मागेच. मग तिसरं सुचवलं, महिन्याला थोडेसे पैसे भरावे लागणारं. आदल्या दिवशी 'ट्रॅक कमी असणं बरं' म्हणाला होता, तोच दुसऱ्या दिवशी 'ट्रॅक भरपूर हवेत' म्हणाला. मी दोन्ही वेळा मान डोलावली. एका मैत्रिणीने चौथंच काहीतरी सांगितलं, एका व्हिडिओतल्या मुलाने चारही मोडीत काढली. डोक्याचा पार भुगा झाला.

आणि गोंधळ एकट्या सॉफ्टवेअरचा असता तरी चाललं असतं. दुपार झाली की मी पाळणाघरातून निघताना केस विंचरू लागले होते. रेकॉर्डिंगसाठी केस कशाला विंचरावे लागतात?

"तुम्ही गाता कशा, ते एकदा ऐकायचंय," तो एकदा चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाला.

"आधी सॉफ्टवेअर सापडू द्या."

"नाही सापडलं तर?"

"तर रोज यावं लागेल."

"मग... घाई नको करायला," तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र दादाने माझं तिसरं रेकॉर्डिंग ऐकलं आणि वहिनीला हाक मारली. "अगं, ये, ऐक! आमची बेताल!"

हे माझं घरातलं नाव. शाळेच्या कवायतीत सगळ्या वर्गाचा डावा पाय पुढे असताना माझा उजवा होता, तेव्हापासूनचं. दादा वाईट नाही. माझी फी त्यानेच भरली, आजारपणं त्यानेच काढली. म्हणून तर त्याचं बोलणं आत कुठेतरी जाऊन बसतं.

"अहो, गप्प बसा ना," वहिनी म्हणाली. पण ऐकताना तिनेही ओठ दाबले होते.

मला रडूच आलं. तीन सॉफ्टवेअरं बदलली, प्रत्येकात तोच दोष. म्हणजे दोष माझ्यातच होता. नाटकवाल्या बाईंना 'जमणार नाही' म्हणून कळवायचं, असं ठरवून टाकलं.

शनिवारी हेडफोन परत द्यायला गेले. दुकानात तेच टकले गृहस्थ.

"तुमचे ते... निळा शर्टवाले कुठे आहेत?"

"निळा शर्ट? माझ्याकडे कुणी कामाला नाही बाई." मग त्यांचा चेहरा उजळला. "तो लिफ्टवाला होय! त्या दिवशी मी बँकेत गेलो तेव्हा जरा वेळ दुकान बघ म्हणालो होतो. चांगलाय मुलगा. पण या इमारतीची लिफ्ट चांगली चालू असताना ती त्याला रोज बिघडलेली कशी सापडते, ते कळत नाही बुवा."

मी जिने चढले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं टाकून तो आत काहीतरी पुसत बसला होता. पुसण्यासारखं काहीही नव्हतं.

"तुम्ही लिफ्टवाले आहात!"

तो ताडकन उभा राहिला. "हो... ते... सांगणार होतो."

"कधी?"

"पहिल्या दिवशीच. पण तुम्ही इतक्या विश्वासाने विचारलंत, की..." त्याने फडका हातात पिळला. "रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून शिकत होतो. जेवढं आज कळायचं तेवढं उद्या तुम्हाला सांगायचो."

"म्हणून रोज वेगळं सांगत होता! मला वाटलं मीच मठ्ठ आहे!" माझा आवाज फुटला. "जाऊ दे. तुमचा तरी काय दोष. ताल माझ्यातच नाही. आज बाईंना 'नाही' म्हणून सांगते आणि मोकळी होते."

"गा," तो म्हणाला.

"काय?"

"इथे. आत्ता. मशीन नको, काही नको."

चिडले होते म्हणूनच गायले असेन. लिफ्टच्या पत्र्याच्या दारावर बोटांनी ताल धरला आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. तो डोळे मिटून, दाराला कान लावून ऐकत होता. संपलं तेव्हा वरच्या जिन्यात कुणीतरी थांबलेलं दिसलं.

"तुमचा ताल कुठेही सुटत नाही," तो सावकाश म्हणाला. "कुठेच नाही."

"मग रेकॉर्डिंगमध्ये?"

"बटण दाबल्यावर लिफ्ट उशिरा हलली, तर आम्ही लगेच मोटर बदलत नाही. बटण आणि मोटर यांच्या मधे काय आहे, ते आधी बघतो. तुमच्या आणि सॉफ्टवेअरच्या मधे..."

आम्ही दोघांनी एकदमच माझ्या हाताकडे पाहिलं. हेडफोन.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बिनवायरचे आहेत. आवाज हवेतून यायला वेळ घेतो. तुम्हाला ताल उशिरा ऐकू येतो, त्या उशिरा आलेल्या तालावर तुम्ही अगदी बरोबर गाता, आणि रेकॉर्ड होतं ते... अरे देवा. मीच तुम्हाला बेताल केलं."

लॅपटॉप पिशवीत होता. जिन्यातच उघडला. पहिलं, फुकटचं सॉफ्टवेअर लावलं आणि माझे एका कानाचे इअरफोन घातले. गायले. ऐकलं.

माझा आवाज आणि ताल हातात हात घालून चालत होते.

ज्या नावाने इतकी वर्षं हाका ऐकल्या ते नाव माझं नव्हतंच. मी रडत होते आणि हसत होते, आणि तो बिचारा स्वतःचा वंगणाचा फडका पुढे करत होता.

गाणं त्याच दुपारी बाईंना गेलं. सोमवारी त्यांचा फोन आला, 'बाकीची गाणी कधी देतेस?' त्याआधी दादाने ते ऐकलं. एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसला. वर्तमानपत्राखाली त्याचा पाय हलत होता, अगदी तालात. त्या दिवसापासून तो मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारू लागला.

बाईंचा निरोप सांगायला मी धावत त्या इमारतीत गेले. तिसऱ्या मजल्यावर तो हत्यारांची पेटी आवरत होता.

"साहेबांना कळलं," तो म्हणाला. "लिफ्टला काही झालेलं नाही हे. उद्यापासून दुसऱ्या भागात ड्यूटी."

"अच्छा."

"आणि तुम्हालाही सॉफ्टवेअर सापडलं. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही."

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं. मला आनंदाची बातमी सांगायची होती, पण ती राहूनच गेली. मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे, की तो जाणार म्हणून चिडलेय... काही म्हणजे काही कळेना.

"एक विचारू?" मी म्हणाले. "खोटं का बोललात? खरं सांगा."

"आवडता तुम्ही मला," तो पेटीकडे बघत म्हणाला. "लिफ्टवाल्याला कुणी गाण्याचं विचारायला येणार नाही, म्हणून दुकानदार झालो. चुकलंच माझं. पण आवडता, हे खोटं नाही."

उत्तर ओठांवर आलं, तेवढ्यात पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक काकू आत शिरल्या आणि नेमक्या आमच्या मधे उभ्या राहिल्या. दार बंद झालं. तळमजला येईलच आता. तो उतरेल, उद्यापासून दिसणार नाही. माझं धाडस तेवढ्यापुरतंच पुरणार होतं.

"मलाही तू आवडतोस," मी काकूंच्या खांद्यावरून म्हणाले. "दुकानदार नसलास तरी."

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. लिफ्ट थांबली, दार उघडलं. त्या पिशव्या सावरत निघाल्या आणि बाहेर पडता पडता मागे वळून त्यांनी कोपरानेच सगळ्यात वरच्या मजल्याचं बटण दाबलं.

"जा," त्या म्हणाल्या. "नीट बोलून या दोघं."