मीराबाईंचा तिसरा फोटो

श्रावणी, मोबाईल ठेव बाजूले. हे आपल्या दिवाकरसोबत घडलेलं आहे, नवा रायपूरच्या एका दवाखान्यात. तो मेंदूचे फोटो काढायच्या मशीनवर कामाले होता. थापा मारायची त्याले अक्कलच नाही, म्हणून सांगून राहिलो.

दोन हजार तेवीस. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, रात्रीचे आठ. भूल देऊन ऑपरेशन केलं की म्हाताऱ्यांच्या डोक्यावर काय परिणाम होतो, याचा तिथं अभ्यास चालला होता. ऑपरेशनआधी एक फोटो, नंतर दुसरा. मशीनच्या बोगद्यात झोपवायचं आणि कानात त्यांच्या पोराचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायचा. मेंदूनं आवाज ओळखला की पडद्यावर लाल ठिपके उजळतात.

गुढियारी मोहल्ल्यातल्या मीराबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागल्या, पण पोराले ओळखेनात. त्यांचा पोरगा सुशील त्या रात्री त्यांना दुसऱ्या फोटोसाठी घेऊन आला.

सुशीलचा आवाज ऐकवला, एकही ठिपका उजळला नाही. मधेच बोगद्यातून स्पीकरवर आवाज आला, "भैया, मले बाहेर काढ ना." आत गेले की सगळेच म्हातारे असं म्हणतात. दिवाकरनं नेहमीसारखा स्पीकर बंद केला. काम झाल्यावर बाईले खुर्चीत बसवलं, सुशील घेऊन गेला.

मग दिवाकरनं स्पीकर पुन्हा लावला.

"भैया... सुशील गेला का?"

काचेतून बोगदा दिसत होता. रिकामा.

"मले इथं ठेवून... कोणाले घेऊन गेला तो?"

काहून हसतेस, पोट्टी? हसण्यासारखं नाही ते.

दिवाकरनं सुशीलच्या आवाजाचं बटण पुन्हा दाबलं. "आई, मी सुशील."

पडदा उजळला. लाल... सगळा.

"हव बेटा... भूल दिली तेव्हापासून इथंच आहे. अंधार आहे... काढ."

तो आत धावला. बोगद्यात खांद्यापर्यंत हात घातला. काही नाही. गार हवा.

खाली पळाला. गाडी गेली होती. फोन लावून आईले परत आणायले सांगितलं, तर सुशील म्हणाला, "भैया, आई सो गई है. किती दिवसांनी शांत झोपली... अभी रहने दो."

परत आला तर स्पीकर... गप्प.

त्या बाईचं मले आजही वाईट वाटते.

सकाळी डॉक्टरांनी रात्री नऊ पाचचा, रिकाम्या मशीनचा तो फोटो पाहिला. त्यांना काय माहीत? मीराबाईंचाच समजून खूश झाले. खाली लिहून सही केली, "पेशंट पूर्ण शुद्धीवर. पुन्हा आणण्याची गरज नाही."